मेळ

वाशीम जिल्ह्यातील जऊळक्याच्या स्थानकावरून जाणारा अकोला-पूर्णा लोहमार्ग २००८ सालापर्यंत मीटरमापी होता. त्याच्या दोन रुळांमधील अंतर १००० मिलिमीटर; तर अकोल्याहून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गाच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. दोन्ही मार्ग भक्कम, दोन्हींवरील गाड्या धडधाकट. तरीही अकोल्यास उतारूंना आपली गाठोडी उचलून गाडी बदलावी लागे. उणीव दोहोंच्या मेळात होती.

मेळाचे हे महत्त्व वऱ्हाडातल्या शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असला, की जू एकीकडे कलते व दोघांच्याही माना सोलून निघतात. म्हणून बाजारात तो एकेक बैल पाहत नाही, जोडी पाहतो. त्याच घरातील मुलगा वा मुलगी आज आराखडे काढण्यासाठी किंवा चलच्चित्रांच्या संकलनासाठी घरीच संगणक जुळवू पाहते, तेव्हा हीच दृष्टी कामी येते. अशा संगणकाला सोयाबीनच्या पैशातला मोठा वाटा लागतो, आणि सुट्या भागांची मोठी दुकाने दूरच्या शहरांत असतात. चुकलेली निवड घराला जड जाते.

प्रथम काम ठरवावे व मग भाग. त्यांत पहिली सोयरीक प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची. एएमडीच्या एएम-५ खोबणीत १७१८ स्पर्शबिंदू असतात, तर इंटेलच्या एलजीए-१७०० खोबणीत १७००. एकीचा प्रोसेसर दुसरीत बसत नाही. रॅमचेही तसेच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ टोके असतात. पण त्यांवरील खाच निराळ्या जागी असल्यामुळे एकीच्या घरात दुसरी शिरत नाही. ही खाच म्हणजे स्पष्ट नकारच होय. परंतु तो हिताचा नकार आहे. त्यावर बळ वापरणाऱ्याच्या हाती मोडलेली पट्टी तेवढी येते.

जो भाग बसतो पण जुळत नाही, तो अधिक घातक. खोबण तीच असूनही जुन्या मदरबोर्डातील बायॉस नव्या प्रोसेसरला ओळखीत नाही, आणि संगणक मुका राहतो. एका पॉवर सप्लायची सुटी तार दुसऱ्याला सहज लागते. मात्र आतील जोडणी वेगळी असल्यास वीज भलत्याच वाटेने जाऊन मोलाचे भाग क्षणात जळतात. म्हणून ज्या पॉवर सप्लायची तार, त्यालाच ती लावावी. सर्व भागांना लागणाऱ्या वॉटांची बेरीज करून वर थोडी शिल्लक ठेवावी. कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डाची लांबी व कूलरची उंची मावते की नाही, हे मोजून पाहावे. आणि वऱ्हाडातील वैशाखाचे ऊन ध्यानी धरून हवेला मोकळी वाट द्यावी. सगळा पैसा ग्राफिक्स कार्डावर खर्चून रॅम तोकडी ठेवली, तर ठेंगण्या बैलाची गोष्ट पुन्हा घडते.

सुट्या भागांच्या मेळातून केवढे कार्य उभे राहू शकते, याचा दाखला शेजारच्याच अकोला जिल्ह्याशी निगडित आहे. तेथील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. परदेशातून प्रगत महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर निवडले. त्या प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. एकटा ट्रान्सप्युटर महासंगणकाचे काम करू शकला नसता. परस्परांशी संवाद साधणाऱ्या अनेकांनी मिळून ते केले.

घरच्या संगणकाची योजना याहून पुष्कळ लहान असते. पण विवेक तोच लागतो. पैसे मोजण्यापूर्वी कागदावर यादी करावी, प्रत्येक भागासमोर त्याचे माप व गरज लिहावी, आणि एकेक भाग बाकीच्यांशी पडताळून पाहावा. एका संध्याकाळचे हे श्रम वर्षभराच्या कष्टाची पुंजी राखतात.