पान नंबर घालून द्या फक्त

३ जून

प्रबंध जमा करायची मुदत जवळ आली की दुकानात रांग लागते. सकाळी आलेले सर पेनड्राइव्ह पुढे करत म्हणाले, "ताई, सगळं तयार आहे. पान नंबर घालून द्या फक्त. पाच मिनिटांचं काम."

फाइल उघडली तर नंबर होतेच. एण्टर मारत मारत पानाच्या तळाशी जाऊन सरांनी एकेक आकडा हातानं टाइप केला होता. पुढे मार्गदर्शकांनी तिसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवायला सांगितला आणि तिथून सगळे आकडे खाली घसरले. १४२ हा एका तक्त्याच्या पोटात सापडला.

पान नंबर हा मजकूर नव्हे, हे लोकांच्या गळी उतरत नाही. फूटरमध्ये आपण आकडा लिहीत नाही, चालू पानाचा आकडा दाखवायची सूचना ठेवतो. मोजायचं काम वर्डचं. पानं वाढोत की गळोत, तो बघून घेतो.

खरा वेळ खातो तो विद्यापीठाचा नियम. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना छोटे रोमन अंक, आणि पहिल्या प्रकरणापासून नव्यानं १. त्यासाठी मध्ये सेक्शन ब्रेक लागतो. साधा पेज ब्रेक पान तोडतो, मोजणी तोडत नाही. मग पुढच्या सेक्शनच्या फूटरात जाऊन 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करायचं. ही कडी सोडवली नाही, तर मुखपृष्ठावरचा नंबर पुसताच सबंध प्रबंधाचे नंबर नाहीसे होतात.

सरांना 'इतक्यांपैकी इतकं पान' असंही हवं होतं. केलं, तर शेवटच्या पानावर आलं '२२४ पैकी २१०', कारण एकूण मोजताना वर्ड सुरुवातीची रोमन अंकांची १४ पानंही धरतो. परीक्षकांना वाटायचं, १४ पानं गहाळ आहेत. फक्त त्या सेक्शनची पानं मोजणारं फील्ड वेगळं असतं, पण प्रबंधात 'पैकी' हवंच कशाला? काढून टाकलं.

४ जून

सर प्रिंट घेऊन गेले. जायच्या आधी अनुक्रमणिकेवर एफ नाइन दाबून घेतलं. तळाचे नंबर आपोआप बदलतात, अनुक्रमणिकेतले सांगितल्याशिवाय बदलत नाहीत.

९ जून

गुरुजींचं गावच्या इतिहासाचं पुस्तक. मजकूर जुन्या फॉण्टात होता, तो कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणला. त्या फॉण्टांत इंग्रजी अंकाच्या जागी मराठी अंकाचं चित्रच बसवलेलं, त्यामुळे पान नंबर फुकटात मराठी दिसायचे. युनिकोडमध्ये सगळे इंग्रजी झाले. वर्डमध्ये हिंदी भाषा चालू केली की नंबर फॉरमॅटच्या यादीत १, २, ३ मिळतात, तेवढं भागलं.

पण गुरुजींना प्रस्तावनेची पानं अक्षरी आकड्यांत हवीत. आपल्या पुस्तकांत तशी पद्धत आहेच. वर्डच्या यादीत अक्षरी आकडेही निघाले: एक, दो, तीन. गुरुजींनी चष्मा सरसावला. "हे 'दो' कोण?" मराठी अक्षरी आकडे यादीत नाहीत. शेवटी आठ पानांचे आठ सेक्शन केले, कड्या तोडल्या आणि एक ते आठ हातानं टाइप केले. सरांना जे करू नका म्हटलं, तेच. पण ही पानं आता हलणार नाहीत, म्हणून चालतं.

मग विषम पानाचा वाद. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करायचं तर मध्येमध्ये कोरी पानं येतात, आणि पुस्तक १६४ पानांचं होतं. छपाईचा फॉर्म सोळा पानांचा. दहा फॉर्म आणि वर चार पानं, म्हणजे त्या चार पानांसाठी वेगळा खर्च. गुरुजी म्हणाले, "कोरी पानं काढा." काढली, १६० बसली. दोन प्रकरणं डावीकडे सुरू होतात. मला ते खटकतं, पण पैसे गुरुजींचे.

१७ जून

वकीलसाहेबांचे कारकून आले. कोर्टात ई-फायलिंग करायचं होतं. "ताई, पेजिंग करून द्या." पूर्वी हे लोक नंबरिंग मशीन घेऊन ठकठक शिक्के मारत बसायचे. आता सगळ्या स्कॅनची एक पीडीएफ करायची आणि तिच्यावर ओळीनं नंबर उमटवायचे. पण स्कॅन म्हणजे फोटोच. तिथे फूटर नाही, मोकळी जागा शोधावी लागते. खरेदीखताचा मजकूर पार कडेपर्यंत आलेला, नंबर थेट एका रकमेवर बसला. सातबारा आडवा स्कॅन केलेला, तिथे नंबर कुशीवर झोपला. ती पानं आधी सरळ केली, समास वाढवला, मग पुन्हा नंबर.

१९ जून

कारकून परत. ४५ आणि ४६ च्या मध्ये एक पावती घालायची राहिली होती. "सगळे नंबर पुन्हा टाकू?" मी विचारलं. कॉम्प्युटरला ते दोन मिनिटांचं काम. त्यांनी कानाला हात लावला. "समोरच्या वकिलांना प्रत गेलीय, ताई. त्यांच्याकडे ४६ ला नोटीस आहे, आपल्याकडेही ४६ लाच पाहिजे. ४५अ करा." अगदी बरोबर बोलले. एकदा प्रत बाहेर गेली की नंबर आपले एकट्याचे राहत नाहीत.

पण आता कागदावर ४६ आणि पीडीएफच्या चौकटीत ४७. कोर्टात कोणी चौकटीत ४६ टाकलं तर नोटिशीऐवजी पावती उघडायची. ॲक्रोबॅटमध्ये पेज लेबल देता येतं, म्हणजे त्या पानाचं नावच '४५अ' ठेवायचं आणि पुढची मोजणी ४६ पासून चालू करायची. मग चौकटीत ४६ टाकलं की नोटीसच येते. कारकुनांना करून दाखवलं. त्यांनी चौकटीत एकेक नंबर टाकून पाहिला, शेवटचा १३२ सुद्धा, आणि तेव्हा कुठे पैसे काढले.

संध्याकाळी त्यांचाच फोन. आणखी एक पावती मिळालीय, पहिलीच्या मागोमाग. ४५ब.