सत्तर तोळे

दुकानात आलेली वस्तू आधी काट्यावर ठेवायची आणि मग तिच्याविषयी बोलायचे, ही सराफाची खोड. १९९८ साली रिव्हॉल्व्हर घरी आले तेव्हा मीही तेच केले. शटर अर्धे ओढून घेतले, चकरी रिकामी आहे ना ते दोनदा पाहिले आणि चांदी तोलायच्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात ते ठेवले. सातशे ग्रॅम आणि वर थोडे. दहा ग्रॅमचा तोळा धरला तर सत्तर तोळे. वडिलांच्या जुन्या तोळ्याने साठ. वडील गादीवर बसून बघत होते. म्हणाले, "एवढ्या सोन्यात दोन पोरींची लग्नं झाली असती."

मग सहा काडतुसे ठेवली. तीही सहा तोळ्यांच्या आसपास भरली. म्हणजे एकेक काडतूस पुरुषाच्या चांगल्या जाड अंगठीएवढे. वडिलांनी एक उचलून खिडकीपाशी उजेडात धरले, बुडावरचा शिक्का वाचला, आणि पितळ चांगले आहे असा अभिप्राय देऊन परत ठेवले.

आमचे गाव जळगाव जिल्ह्यातले. माल आणायला मुंबईला, झवेरी बाजारात जावे लागे, तेही रात्रीच्या गाडीने. वडील आयुष्यभर सोने कमरेच्या कशात बांधून आणत आले. कशावर धोतर, धोतरावर सदरा, सदऱ्यावर मळका कोट, आणि चेहऱ्यावर नातेवाइकाच्या दहाव्याला निघालेल्या माणसाचे भाव. त्यांच्या शेजारी बसून कोणी पिशवीकडेही पाहिले नसते. माझ्या चेहऱ्याला ते जमत नाही; सोने जवळ असले की ते माझ्या तोंडावर दिसते. म्हणून मी परवान्याचा अर्ज केला. पोलीस चौकशीला गल्लीत आले. हा भांडखोर आहे का, पितो का, घरात काही कुरबुर आहे का, असे शेजारीपाजारी विचारून गेले. जिल्हाधिकारी कार्यालयातून परवाना हातात पडायला दीड वर्ष लागले. सराफाच्या पोराला बंदूक मिळणार, ही बातमी गल्लीला दीड दिवसात मिळाली होती.

वस्तू कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची. बत्तीस बोअर, सहा गोळ्यांचे. घडण मुळात बर्मिंगहॅमच्या वेब्लीची, आपल्याकडे उतरवून घेतलेली. मागचा खटका दाबला की नळी पुढे वाकते, आणि चकरीच्या मधली चांदणी सहाही काडतुसांना एकदम वर उचलते. अस्सल वेब्ली ज्यांच्या आजोबांनी ठेवले आहे ते लोक भाग्यवान. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी पिस्तुलांची आयात सामान्य माणसाला बंद झाली, त्यामुळे जुन्या विलायती मालाला लाखांत भाव येतो. माझ्या कानपुरीला तसा भाव कधीच नव्हता. काडतुसे खडकीची. तो कारखाना १८६९ पासूनचा. बुडावर 'केएफ' अशी अक्षरे. इंग्रजांनी खडकीची किरकी केली होती, त्यातला तो 'के'. गावाचे नाव कधीच परत मिळाले, काडतुसावर मात्र किरकीच राहिली.

पहिल्या वर्षी मला वाटे, हे सांभाळणे म्हणजे तेल आणि फडके. कळले ते असे की लोखंड फार नाजूक असते. सोन्याला घाम लागला तर सोन्याचे काही जात नाही. ह्याला खानदेशातला मे महिन्याचा घाम लागला की चार दिवसांत निळ्या पाण्यावर तांबूस ठिपका. चामड्याच्या कव्हरात ठेवून विसरलात तर पावसाळ्यात कव्हरच ओल धरून त्याला खाते. म्हणून रात्री कव्हर वेगळे, रिव्हॉल्व्हर वेगळे, काडतुसे तिसऱ्याच कुलपात. तेल काडतुसाला लागू द्यायचे नाही, बुडाची टिकली मरते. हे सगळे मी आईच्या जुन्या मलमलीच्या लुगड्याच्या तुकड्याने करत आलो. आता कडांवरचे पाणी उडाले आहे आणि आतले पांढरे पोलाद दिसते. हाताळलेल्या दागिन्याची झिलई जाते तसे.

कपडे बदलले. सदरा खोचणे बंद झाले. शिंप्याला सदरे चार बोटे लांब आणि उजव्या बाजूला सैल शिवायला सांगितले. त्याने कारण विचारले नाही, पुढच्या वेळी मापाच्या वहीत स्वतःच लिहून ठेवले. गावात माझे गुपित सर्वांत नीट सांभाळले ते त्या शिंप्याने. पुढे २०१६चे शस्त्र नियम आले, आणि त्यांत हेच लिहिलेले निघाले : सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे तर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले, आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात. लग्नात मिरवायला आणि हवेत उडवायला मनाई. मला बरे वाटले. लग्नाच्या वरातीत बार काढणाऱ्या हौशी लोकांमुळे आमच्यासारख्यांकडेही लोक त्याच नजरेने बघतात.

सत्तर तोळे उजव्या कमरेला लावून माणूस सरळ चालत नाही. मी किंचित डावीकडे झुकतो, असे ही म्हणते. मुलगी लहान होती तेव्हा तिला कायम डाव्या कडेवर घेतले. उजवीकडून कोणी गळ्यात पडायला आले की मी नकळत वळून खांदा पुढे करतो, आणि मेव्हण्यांचा समज असा की मला त्यांच्याविषयी आकस आहे. देवळात जाण्याआधी घरी परत येऊन काढून ठेवायचे. ज्या लग्नात ग्लास फिरणार तिथे जायचे नाही, किंवा ते घेऊन जायचे नाही. बहुतेक वेळा जायचेच नाही.

एकदा बाजाराच्या दिवशी गाडी लावण्यावरून एका मालवाहू टेम्पोवाल्याशी जुंपली. चूक माझी होती की त्याची, हे आता ठरवण्यात अर्थ नाही. त्याने माझी कॉलर धरली. त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट : सदरा वर ओढला जातोय. मी दोन्ही हातांनी सदरा खाली दाबून धरला. तोंड सांभाळायला हात उरला नाही, आणि भर बाजारात मला एक सणसणीत कानफटात बसली. लोक मध्ये पडले. कोणीतरी म्हणाले, "शेठच्या पोटात कळ आलीय, पाणी द्या." मी पाणी प्यालो आणि गाडीत येऊन बसलो. जवळ शस्त्र असलेला मी त्या बाजारातला सर्वांत निःशस्त्र माणूस होतो, आणि ते तसेच असायला हवे होते, असे माझे आजही मत आहे. गालाचे मत वेगळे होते.

खंडेनवमीला पाटावर तराजू, वजने, कसोटीचा दगड, सोनारकामाचे चिमटे आणि हे. पहिल्या वर्षी हिने मनोभावे हळदकुंकू वाहिले ते थेट घोड्याच्या फटीत. पुढे वर्षभर साफ करताना फडक्याला लाल तेल यायचे. तेव्हापासून त्याला कुंकू कागदावरून दाखवतात.

आणि निवडणूक. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो : शस्त्र जमा करा. जमा करायचे, पावती घ्यायची, निकाल लागल्यावर आठवड्याभराने सोडवून आणायचे. सरसकट सगळ्यांची शस्त्रे अशी जमा करून घेणे योग्य नाही, समितीने प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा विचार करावा, असे गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलेले आहे. पण आमच्यासारखा माणूस ठाण्यात निकालपत्र घेऊन जात नाही, रिव्हॉल्व्हर घेऊन जातो. गंमत अशी की विधानसभेच्या निवडणुकीने आणि दिवाळीने जणू सोयरीक केली आहे. २००९ला मतदान १३ ऑक्टोबरला आणि धनत्रयोदशी १५ला. २०१४ला निकाल १९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी २१ला. २०१९ला निकाल २४ला, धनत्रयोदशी २५ला. २०२४ला आचारसंहिता ऑक्टोबरच्या मध्यावर लागली आणि दिवाळी तिच्यातच उरकली. वर्षातले ज्या दिवसांत दुकानात सर्वांत जास्त सोने, नेमके त्याच दिवसांत हे सरकारी मुक्कामाला.

२०१४च्या त्याच दिवसांत दुकान फुटले. मागच्या बोळातली खिडकी काढली. सोने तिजोरीत होते ते वाचले. समया, पैंजण, ताम्हने गेली. गाव हळहळले : नेमके हत्यार जमा होते म्हणून, नाहीतर! मी मान डोलावत राहिलो. खरे असे की ते घरी असते तर कपाटात असते, आणि मी पंख्याखाली झोपलेलो असतो. सकाळी पोलिसांबरोबर कॅमेऱ्यातले चित्र पाहिले. आत आलेल्या दोघांतला एक पोरगा गादीशी थबकतो, वाकतो, चपला काढून कडेला नीट लावतो, आणि मग पांढऱ्या गादीवर पाय देतो. आमच्याकडे गिऱ्हाईक तसेच करते. तो कधीतरी आईबरोबर गिऱ्हाईक म्हणून येऊन गेला असणार. त्या रात्री मी जागा असतो आणि सत्तर तोळे माझ्या हातात असते तर पुढे काय, हा विचार मी आजवर अनेकदा केला आहे. दर वेळी त्या चपलांपाशी येऊन थांबतो.

एकूण सव्वीस वर्षांत चाळीसेक गोळ्या झाडल्या असतील, सगळ्या जिल्ह्याच्या रायफल क्लबात, कागदावर. निम्म्या कागदाला लागल्या.

आता झवेरी बाजाराची फेरी जवळपास संपली. माल विमा उतरवून पेटीबंद येतो. परवाना पूर्वी तीन वर्षांनी नवा करावा लागे, २०१९च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचा झाला. शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, किंवा मालकाला सत्तरावे लागले, की कायदेशीर वारसाला ते आपल्या नावावर मागता येते. माझी पंचवीस २०२३ मध्येच झाली. दुकान मुलगी बघते, म्हणून तिला विचारले. तिने एकदा माझ्याकडे, एकदा कॅमेऱ्यांच्या पडद्याकडे पाहिले. "अप्पा, द्यायचंच असेल तर आजोबांचा तो काटा द्या."

सोन्याला मोड असते. चांदीला असते, पितळेच्या तांब्यालाही भंगारवाला काहीतरी देतोच. ह्याला नाही. परवाना असलेल्या माणसाला किंवा दुकानदाराला विकायचे, नाहीतर सरकारजमा करायचे. घरातली मोड नसलेली ही एकच वस्तू.

निवडणुकीनंतर ते सोडवून आणले त्या संध्याकाळी तिने आजोबांचा काटा माळ्यावरून काढला, पारडी चिंचेने घासली. बरोबर चालतोय का ते बघायला हाताशी वजन माहीत असलेली एकच वस्तू होती. मी ते रिकामे करून, दोनदा पाहून, पारड्यात ठेवले. तिने त्याच जुन्या पितळी वजनांनी तोलले आणि १९९८च्या वहीतला आकडा वाचला. अर्धा ग्रॅम कमी. वडील असते तर चार गुंजा म्हणाले असते. एवढी घट आम्ही हिशेबात धरत नाही.