दोन्हीकडे ‘वुड’

परळच्या आमच्या वर्गात एका मुलीने लिहिलं, ‘इफ द स्ट्राइक वुड नॉट हॅव हॅपन्ड, दादा वुड हॅव स्टेड इन द मिल.’ ही चूक बहुतेक मुलं करतात. मराठीत ‘झाला नसता तर राहिले असते’, उर्दूत ‘न हुई होती तो रहे होते’. दोन्हीकडे एकच रूप. इंग्रजीत ‘इफ’सोबत ‘हॅड’, ‘वुड’ फक्त पुढच्या भागात. आम्ही ‘हॅड नॉट हॅपन्ड’ करून दिलं.

१८ जानेवारी १९८२चा तो संप. दादांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही.

“टीचर, ‘असं केलं असतं तर’ म्हणू नये, हदीसमध्ये आहे ना? मग हे गुनाह?”

“हळहळत बसू नये, बेटा. वाक्य लिहायला हरकत नाही.”

वही तिने दादांना दाखवायला नेली.