जाम चौरस्ता आणि गाण्यांच्या रात्री

आम्ही समुद्रपूरचे. वर्धा जिल्ह्याबाहेर कुठेही गावाचे नाव सांगितले की समोरचा माणूस हसून विचारतो, "तुमच्या गावाला समुद्र आहे का हो?" समुद्र नाही. काळी जमीन आहे, कापूस, तूर, सोयाबीन आहे आणि मे महिन्यात पाण्याचे हाल आहेत. परंतु ज्याला समुद्र पाहायचाच असेल त्याने दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या तालुक्यातल्या जाम चौरस्त्यावर येऊन उभे राहावे.

जामला नागपूरहून आलेल्या रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक हिंगणघाट, पांढरकवड्याकडून थेट हैदराबादला जाते. पूर्वी या महामार्गाचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. दुसरी नंदोरी, वरोऱ्यावरून चंद्रपूरला. त्यामुळे दक्षिणेकडून दीक्षाभूमीला निघालेली माणसे इथूनच पुढे जातात. ट्रक, मेटॅडोर, एस.टी.च्या गाड्या, आता जीपगाड्या, त्यांवर निळे झेंडे आणि पंचशील ध्वज. आणि प्रत्येक गाडीतून गाणे ऐकू येते. एक गाडी पुढे गेली की तिचे अर्धे कडवे हवेत राहते आणि मागच्या गाडीचे दुसरेच गाणे त्यात येऊन मिसळते. आमच्या लहानपणी आम्हा भावंडांचा खेळच होता, गाडी दिसायच्या आधी गाण्यावरून सांगायचे की ही चंद्रपूरकडची की यवतमाळकडची.

वाचकांना माहीतच आहे की प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपूरला महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना दिली. त्यानंतर १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला, त्या वेळच्या चांद्याला, दुसरा सोहळा झाला. नागपूरचा मोठा मेळा दसऱ्याला भरतो, चंद्रपूरचा १५ आणि १६ ऑक्टोबर या तारखांना. दसरा कधी मागे, कधी पुढे. म्हणून आमच्या रस्त्याला काही वर्षी एकाच आठवड्यात दोनदा पूर येतो, काही वर्षी मध्ये पंधरा दिवस जातात. बाबासाहेब स्वतः मात्र चांद्याला आमच्या रस्त्याने गेले नाहीत. ते उमरेड, नागभीड, मूल मार्गे गेले. आमच्या आजीला याची आयुष्यभर रुखरुख होती. "इकडून आले असते तं म्या पाह्यलं असतं न दुसऱ्यांदा," असे ती म्हणायची.

पहिल्यांदा तिने त्यांना नागपूरलाच पाहिले होते. तेव्हा तिचे वय वीस-एकवीस, आणि कडेवर एक वर्षाचे पोर, म्हणजे आमचे बाबा. समुद्रपूर ते नागपूर सत्तरेक किलोमीटर. एक बैलगाडी, तिच्यात म्हाताऱ्या, लेकरे आणि शिदोरी. बाकी सगळी पायी. पांढरे वस्त्र नेसून यायचे असा निरोप होता. घरात पांढरे लुगडे कुठले? आजोबांनी आजीच्या हातातले चांदीचे गोट सावकाराकडे ठेवले आणि लुगडे आणले. गोट काही परत सुटले नाहीत. आजीच्या मनगटावर आम्ही पुढे कायम काचेच्या बांगड्याच पाहिल्या.

या पायी प्रवासात बायांनी एक गाणे जुळवले. जात्यावरच्या ओवीची चाल, आणि वाटेतल्या प्रत्येक गावासाठी एक कडवे. कुठे ताक मिळाले, कुठे बैलाचा नाल निघाला, कुठे कोणाचे लेकरू तापाने फणफणले, बुटीबोरीच्या मुक्कामाला किती माणसे येऊन मिळाली, सगळे त्या गाण्यात होते. हे कोणा कवीने लिहिले नाही, कोणत्याही कॅसेटवर आले नाही. आजीला एक अक्षर वाचता येत नव्हते. बावीस प्रतिज्ञा आणि हे गाणे मात्र तिला तोंडपाठ होते.

आमची स्वतःची पहिली आठवण १९८५-८६ च्या सुमाराची. आठ दिवस आधीपासून घरात गडबड असायची. आई भाकरी, जवसाची चटणी, भुरका आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या बांधून घ्यायची. बाबा एका वहीत खर्चाचा अंदाज मांडायचे: गाडीभाडे, मेणबत्त्या, एक पुस्तक, एक कॅसेट. पुस्तक आणि कॅसेट या दोन रकमांना कधी कात्री लागली नाही, चहाला लागली. (आम्ही पुढे बी. कॉम. झालो, पण जमाखर्च शिकलो तो या वहीवर.) दहा-बारा घरे मिळून मेटॅडोर ठरवायची. मेटॅडोर जामला महामार्गावर चढला की आजी गाणे सुरू करायची, आत्या झेलायची आणि बाकीच्या बाया मागून म्हणायच्या. गाव येईल तसे कडवे येई. बैलगाडीच्या चालीचे गाणे आणि मेटॅडोरची चाल यांचा मेळ बसत नसे. कडवे संपायच्या आत गाव मागे पडलेले असे. मग आजी ड्रायव्हरला ओरडायची, "हळू घे रे बाप्पा, गाणं मांगं राह्यलं!"

तेव्हाची दीक्षाभूमी आजच्यासारखी नव्हती. १९७८ मध्ये सुरू झालेले स्तूपाचे बांधकाम चालूच होते. स्तूपाचे उद्घाटन झाले १८ डिसेंबर २००१ ला, राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते. आम्ही पाहिला तो उघडा माल, बांबूंची परांची आणि शेजारी बोधिवृक्ष. दर्शनाची रांग झाली, वंदना झाली की मैदानात एका कोपऱ्यात सतरंजी टाकायची, आणि तीच दोन रात्रींची आमची खोली. एका बाजूला अकोल्याचे कुटुंब, दुसऱ्या बाजूला नांदेडचे. चुलीवर चहा कोणाचाही असो, प्यायचे सगळ्यांनी.

खरी गंमत रात्री सुरू व्हायची. मुख्य मंचावर भाषणे होत, पण मैदानाच्या कडेने आणि बाहेरच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी गाणी चालत. कॅसेटच्या दुकानांवर वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, नागोराव पाटणकर यांचे आवाज एकमेकांवर चढत. कुठे कव्वालीच्या दोन पार्ट्यांचा जंगी मुकाबला. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने त्याच चालीत जवाब द्यायचा. सवाल कधी गौतम बुद्धांच्या चरित्रातला, कधी राज्यघटनेतला, कधी पुणे करारावरचा. जवाब चुकला की हजारो माणसे एकदम "अरेरे" करायची. पुणे करार १९३२ चा, हे आम्हाला शाळेच्या पुस्तकाआधी एका पेटीवाल्याने शिकवले, आणि तेही रात्री दोन वाजता.

पेटी, ढोलक, टाळ्या आणि बेंजो. बेंजोचे आम्हाला फार आकर्षण. टाइपरायटरसारखी बटणे असलेले हे तारांचे वाद्य मूळ जपानचे. तिथे ते १९१२ मध्ये तयार झाले आणि आपल्याकडे कव्वालीत रुळले. अमेरिकेतला बँजो निराळा, त्याला कातडे ताणलेले असते, आणि तो तिकडे पोहोचला आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर. तिथल्या डोंगरी भागात ब्लूग्रास नावाचे संगीत आहे, त्यात हा बँजो वाजतो. १९६५ पासून त्या संगीताचेही दोन-तीन दिवसांचे मेळे भरू लागले. कुटुंबेच्या कुटुंबे तंबू ठोकून राहतात आणि मंचावरचे गाणे संपले की तंबूंपुढे आपापली वाद्ये काढून बसतात. हे वाचले तेव्हा आम्हाला आमची सतरंजी आठवली. फरक एवढाच की आमच्याकडे वाद्य नव्हते. आत्या रिकाम्या डब्यावर ठेका धरायची.

कव्वाली आमच्या कानांना नवी नव्हती. समुद्रपूर तालुक्यातच गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा आहे. तिथे फळांच्या आकाराचे छोटे दगड सापडतात आणि एका वणजाऱ्याचा माल बाबांनी दगड करून टाकला अशी कथा लोक सांगतात. कथेवर आमचा विश्वास नाही, पण तिथल्या कव्वालीवर आहे. गिरडच्या जत्रेत ऐकलेली चाल सहा महिन्यांनी दीक्षाभूमीवर भीमकव्वालीत भेटली की आम्ही पोरे एकमेकांना कोपरखळ्या मारायचो.

वामनदादांचे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी. लहानपणी शाळा नाही. अक्षरे शिकले मोठेपणी, मुंबईत मोलमजुरी करताना. अशा माणसाची गाणी पुढे प्राध्यापकांनी अभ्यासली. २००४ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आमच्या वस्तीत चूल पेटली नाही. आजी म्हणाली, "माह्यासारखाच अडाणी होता, पर त्यानं लिहाले शिकून घेतलं." विठ्ठल उमप तर २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरलाच, कार्यक्रमाच्या मंचावर कोसळले. ही माणसे निदान नावाने राहिली. गावोगावच्या पार्ट्यांचे पेटीवाले, ढोलकवाले, कडवी जुळवणाऱ्या बाया यांची नावे कुठे आहेत?

हे सगळे फुकट नव्हते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची कापणी असते आणि कापूसही फुटू लागतो. आम्ही सातवीत होतो त्या वर्षी, आई ज्या शेतात कामाला जायची तिथल्या मालकाने बायांना सांगितले, "नागपूरला जायचं असंल तं जा, पर मंग परत येऊ नका." बाबांनी वही उघडली. तीन दिवसांची मजुरी बुडणार होतीच, आता पुढचा हंगामही. ते काही बोलले नाहीत, वही मिटून आईपुढे ठेवली. आईने शिदोरी बांधली. परतल्यावर खरोखरच कामावर घेतले नाही. मग आई आणि शेजारच्या चार बायांनी दुसऱ्या गावात कापणीचा गुत्ता घेतला. रोज पहाटे दीड तास पायी. त्या वाटेवरही त्या तेच गाणे म्हणत, फक्त गावांची नावे बदलून. दिवाळीला नवे कपडे झाले नाहीत एवढे आठवते. नागपूरला गेलो नसतो तर बरे झाले असते, असे मात्र आईच्या तोंडून कधी ऐकले नाही.

असो. आजी २००९ मध्ये गेली. आता रस्ता चौपदरी आहे, जाम ते नागपूर तासाभरात होते. गाडीत मोबाईलवर गाणे लागते आणि डी. जे.च्या आवाजात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. डी. जे.वर रागावून उपयोग नाही, पोरांना नाचायला तो लागतो. पण डी. जे.वर आजीचे गाणे लावता येत नाही, कारण ते कुठे भरलेलेच नाही. म्हणून आम्ही काही वर्षांपासून दोनशे पानी वही घेऊन वस्त्यावस्त्यांत बसतो. सुटीच्या दिवशी म्हाताऱ्या बायांकडे जायचे, म्हणतील तसे लिहायचे, कोणत्या प्रवासात जुळवले ते विचारायचे. २०२० साली कोरोनामुळे दीक्षाभूमीचा सोहळा झाला नाही, तेव्हा आत्याला अंगणात बसवून पूर्ण गाणे म्हणायला लावले आणि फोनवर नातेवाइकांना ऐकवले.

त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. आत्या एक कडवे गाळत होती. १९५६ च्या प्रवासात एका गावात विहिरीवर पाणी भरू दिले नव्हते. तापाने फणफणलेल्या त्या लेकरासाठीही दिले नाही. आजीच्या तोंडून ते कडवे आम्ही गावाच्या नावानिशी शेकडो वेळा ऐकले होते. आत्याला विचारले तर ती म्हणाली, "आता तिथं आपली पोरगी नांदते. गाव तिचं झालं. कायले तिच्या गावाचं नाव काढाचं?" आमचे म्हणणे असे की गाळलेले कडवे एका पिढीत मरते. आत्याचे म्हणणे, गाणे सोबतीसाठी असते, भांडणासाठी नाही. आमच्या वहीत तेवढी जागा कोरी राहिली. हा वाद घरात दोन वर्षे चालला, आणि आत्याचे म्हणणे पूर्ण चूक होते असे आम्हाला आजही म्हणवत नाही.

मागच्या एका दसऱ्याला तीच पोरगी, आमच्या चुलतभावाची मुलगी, सासरहून निघून जामला आमच्या जीपमध्ये बसली. मांडीवर तिचे लेकरू. आत्याने गाणे धरले, आणि त्या ठिकाणी येऊन नेहमीसारखी पुढच्या कडव्यावर उडी मारू लागली. पोरीने तिला थांबवले. "आत्याआजी, मधलं राह्यलं," म्हणाली, आणि कडवे स्वतःच म्हटले, गावाच्या नावासकट. मग सहज सांगितले की त्या विहिरीवर आता ग्रामपंचायतीची मोटर बसली आहे आणि तिचे घर तेच पाणी पिते. आत्या थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. बुटीबोरी आली तेव्हा आमच्याकडे वळून म्हणाली, "वही आणली का? लिहून घे मंग. पर तिनं दुसऱ्या ओळीत चाल चुकवली, तेवढं मी सांगतो तसं लिह."