पाहुण्याला ६ जीबी!

मास कॉम केलेल्या मुलीला कम्प्युटरच्या आत आणखी एक कम्प्युटर कशाला हवा? तर माझ्या लॅपटॉपवर उबंटू, आणि एका दिवाळी अंकाला मजकूर हवा जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तो टाइप करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, त्यात विंडोज ७. अशा आतल्या सिस्टिमला म्हणतातच 'गेस्ट'. रॅम किती द्यायची? माझ्याकडे एकूण ८ जीबी. पाहुण्याला कमी कशाला, म्हणून ६ दिली! स्लायडर हिरव्या पट्ट्याबाहेर गेला, तरी ओके केलं.

डेडलाइनच्या आदल्या रात्री दीडला सगळंच गोठलं. माउससुद्धा हलेना. शेवटी पॉवर बटण दाबलं, आणि सेव्ह न केलेले १२०० शब्द गेले. (हो, रडले.)

सकाळी रूममेट हसली. ती टेस्टिंगमध्ये आहे. 'अगं, घरमालकालाच गॅलरीत झोपवलंस! उबंटूला रॅम पुरेना, मग तो डिस्कवर उसनवारी करत बसला.' तिनं पाहुण्याला ३ जीबी आणि चारपैकी दोन कोअर दिले. 'बाकीचं तुझा ब्राउझरच खाईल.' खरंय, माझे वीसेक टॅब कायम उघडे!

लेख पुन्हा लिहिला, दर दहा मिनिटांनी सेव्ह करत. संपादकांना सांगितलं, लाइट गेली होती.