माशा मारण्याचा उद्योग

‘माशा मारीत बसणे’ हा वाक्प्रचार मराठीत रिकामटेकड्या माणसासाठी योजतात. आमच्या घराण्यात मात्र असे एक गृहस्थ होऊन गेले, की ते माशा मारीत नसत, माशा बांधीत असत. आणि तरीही जन्मभर त्यांना हाच वाक्प्रचार ऐकून घ्यावा लागला. हे गृहस्थ म्हणजे आमचे धाकटे काका. नोकरीच्या निमित्ताने १९६० नंतरची काही वर्षे ते हिमाचलातील कुल्लूच्या बाजूस होते. इंदूरला परतताना लोक तिकडून सफरचंदे आणि शाली आणतात; काकांनी एक छंद आणला. बारीक गळावर पिसे, लोकर आणि रेशीम गुंडाळून किड्यासारखी दिसणारी वस्तू करायची, आणि तिच्या साहाय्याने ट्राऊट नावाचा मासा धरायचा!

ज्या घरात मासा ताटात कधीच आला नाही, त्या घरात हा छंद कसा मानवावा? आमची आजी विचारी, “खायचा नाही तर धरायचा कशाला? आणि सोडायचाच तर त्याला टोचायचे कशाला?” काका यावर काही बोलत नसत. काकूंची तक्रार निराळी होती. त्यांच्या शिवणाच्या डब्यातील रेशमाची रिळे नाहीशी होत. दर दोन-तीन वर्षांनी काका रजा काढून तिकडे जात, आणि निघताना आम्हांला म्हणत, “चल एकदा.” आम्ही हसत असू. पुढे नोकरी, संसार, मुलांच्या परीक्षा अशी भरभक्कम कारणे मिळत गेली. दोन वर्षांपूर्वी काका गेले. तेराव्यानंतर काकूंनी एक पत्र्याची चपटी डबी आमच्या हाती ठेवली आणि म्हणाल्या, “नुसती कपाटात ठेवणार असशील तर नेऊ नकोस.”

डबीत बुचाच्या चकत्यांवर ३१ माशा टोचून ठेवलेल्या होत्या. ११ निकामी झाल्या होत्या. कुणाची पिसे कसरीने खाल्लेली, कुणाचा गळ गंजलेला. उरल्या २०. गेल्या ऑक्टोबरात तीर्थन नदीवर जाण्याचे ठरले, तेव्हा या विसांतून निवड करण्यासाठी आम्हांला आधी थोडा अभ्यास करावा लागला.

प्रथम कळले ते असे, की हा मासाही तिकडचा मूळ रहिवासी नव्हे. स्कॉटलंडहून आलेली तपकिरी ट्राऊटची अंडी १९०० साली काश्मीरात पोहोचली. तेथून १९०९ साली ती कुल्लूच्या खोऱ्यात आली आणि पुढे आसपासच्या थंड नद्यांत हा मासा रुजला. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून आजही मराठी मासिके वाचणाऱ्या आम्हांला या माशाबद्दल थोडी आपुलकी वाटली, तर वाचकांनी ती समजून घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे कृत्रिम माशीची विद्या फार जुनी आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळ्यांचे वर्णन केले आहे. ते गळावर तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधीत. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या एका पुस्तिकेत बारा माशा दिल्या आहेत. तेव्हापासून माशांची संख्या वाढतच गेली आहे.

काकांच्या डबीत प्रत्येक चकतीखाली बारीक अक्षरांत नावे होती. एक होती ‘ॲडम्स’. राखी रंगाची ही माशी १९२२ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात लेन हॅलडे याने बांधली आणि एका वकील मित्राचे नाव तिला दिले. ती पाण्यावर तरंगते. दुसरी ‘वूली बगर’. काळी, केसाळ आणि शेपटी हलवणारी. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग याने १९६७ साली ती बांधली ती वस्तुतः बास जातीच्या माशासाठी. परंतु ट्राऊटनेही तिला नाकारले नाही. तिसरी ‘फेझंट टेल’. फ्रँक सॉयर हा इंग्लंडातील एव्हन नदीचा राखणदार होता. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढ्याच सामग्रीत त्याने ही माशी सिद्ध केली. तार वजनही देते आणि दोऱ्याचे कामही करते. दिसायला ही सर्वांत सामान्य. तांदळातून निवडून टाकावा असा किडाच जणू.

आणि एक होती अनामिक. तिच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची, मिना चढवल्यासारखी चकचकीत पिसे होती. शोध घेता ध्यानात आले, की ही पिसे आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरची आहेत. विलायतेतील नामांकित माशांना हे पीस हवेच असे, आणि त्यासाठी येथून या पक्ष्यांच्या माना परदेशी जात. पुढे ती निर्यात थांबली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या पक्ष्याची शिकारही बंद झाली. काकांनी ही माशी कुणा जुन्या शिकाऱ्याकडून मिळवली असावी. विसांत तीच सर्वांत देखणी होती. आम्ही मनाशी ठरवून टाकले, की पहिला मान हिचा.

तीर्थनच्या काठी आम्ही परवाना काढला, काठी भाड्याने घेतली आणि सोबतीस एक स्थानिक तरुण घेतला. या प्रकारात वजन गळाला नसते, दोरीला असते. जाड दोरी हवेत मागेपुढे झुलवून पिसाएवढी हलकी माशी दूर टाकायची असते. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पहिला अर्धा दिवस आमच्या माशीने मुख्यत्वे मागच्या झुडपांचाच समाचार घेतला. उरलेला अर्धा दिवस ती पाण्यात पडली, पण कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तरुणाने डबी मागितलीच नाही. तो गुडघाभर पाण्यात उतरला, एक धोंडा उचलला आणि उलटा करून आमच्यापुढे धरला. धोंड्याच्या ओल्या पोटावर तांदळाएवढे तपकिरी जीव सरपटत होते. हे मेफ्लाय नावाच्या कीटकाचे बालरूप. महिनोन्‌महिने हा जीव पाण्यात धोंड्याखाली काढतो. पंख फुटल्यावर त्याचे आयुष्य जेमतेम दिवस-दोन दिवसांचे, आणि त्या अवस्थेत त्याला खाण्याजोगे तोंडही उरत नाही. ट्राऊटचे बहुतेक खाणे पाण्याखालीच होते. “पहले पत्थर देखिये, फिर डिब्बा,” तो तरुण म्हणाला. मग त्याने डबी उघडून ‘फेझंट टेल’ उचलली. १६ नंबरचा गळ. या मापात आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. ती माशी त्या धोंड्यावर ठेवली असती तर आम्हांला वेगळी ओळखता आली नसती. जवळून पाहताना दिसले, की तारेच्या शेवटी काकांनी लाल रेशमाचे दोन वेढे दिले होते. काकूंचे रीळ!

तासाभराने, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, दोरी वाहता वाहता थांबली. आम्ही काठी उचलली आणि पलीकडे काहीतरी जिवंत आहे हे हाताला कळले. मासा एकदा वर आला. सोनेरी तपकिरी अंग, त्यावर फिकट वलयांतले तांबडे ठिपके. तो खाली वळला, दोरी खडकाच्या धारेला घासली आणि तुटली.

एवढीच आमची शिकार. माशी गेली, काकूंचे रेशीम गेले, आणि मासा तोंडात गळ घेऊन गेला. आजीचा प्रश्न इतक्या वर्षांनी आमच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि या खेपेस उत्तर द्यायला काकाही नव्हते.

रात्री मुक्कामावर डबी उघडून बसलो असता त्या तरुणाने एक माशी उचलली आणि तिचा गळ आमच्या रुमालात टोचून ओढला. गळ सहज बाहेर आला. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो, तो दाबून सपाट केलेला होता. आम्ही एकेक करून उरलेल्या १९ माशा रुमालात टोचून पाहिल्या. एकही अडकली नाही. काकांनी पकड घेऊन प्रत्येक गळाचा काटा दाबून टाकला होता, त्या रानकोंबड्याच्या देखण्या माशीचासुद्धा. असा गळ माशाच्या तोंडातून लवकर निसटतो. आजीच्या प्रश्नाला काका तोंडाने कधी बोलले नाहीत, पण ऐकून घेत होते हे आम्हांला त्या रुमालावर कळले.

इंदूरला परतल्यावर काकूंना सारे सांगितले. त्यांनी पहिला प्रश्न तोच केला, “गळ तोंडात राहिला का रे त्याच्या?” आम्ही काट्याची हकीकत सांगितली आणि म्हटले, “असा गळ बहुतेक वेळा आपोआप पडतो, काकू.”

“बहुतेक वेळा,” काकू म्हणाल्या. “नेहमी नव्हे.”

“नेहमी नव्हे.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि शिवणाचा डबा घेऊन आल्या. रानकोंबड्याची माशी आम्ही त्यांच्या हाती दिली. ती आता पाण्यात जाणार नाही. त्यांनी ती डब्याच्या झाकणात टोचून ठेवली. मग लाल रेशमाचे रीळ शोधून काढले, आणि चष्मा पुसत विचारले, “ती तपकिरी कशी होती म्हणालास? तार आधी, की पीस आधी?”