भाकरीचा तुकडा

कुत्रे भुंकते ते रागानेच, अशी आपली समजूत असते. आमच्या मोत्याने माझी ती समजूत पालटली. नांदगावच्या आमच्या गल्लीत सायकल दिसली की स्वारी दोरीला हिसके देत तिच्यावर धावून जाई. "मास्तर, काठी चालवा, नाहीतर याला लांब सोडून या," असा शेजाऱ्यांचा सल्ला. पण त्याची शेपटी पायांत असे, कान मागे पडलेले असत. ते भय होते. आणि भ्यालेल्याला मारले की भय दुणावते, हे मास्तरांना तरी ठाऊक हवे!

रशियातील पावलॉव्ह या नोबेल पारितोषिक (१९०४) मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांना जेवणाआधीचा ठरावीक आवाज ऐकताच लाळ सुटू लागली होती. तोच धागा धरला. सायकल दिसेल, पण मोत्या भुंकणार नाही इतक्या दूर उभे राहायचे. सायकल दिसताच भाकरीचा तुकडा. ती गेली की तुकडा बंद. शांत राहिला तर काही दिवसांनी चार पावले पुढे, बिथरला तर न रागावता मागे.

महिने लागले. आता सायकल दिसली की मोत्या माझ्या हाताकडे पाहतो.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे संत नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, असे सांगतात. काठी घेऊन धावणारे गल्लोगल्ली आहेत.

फटाक्यांपुढे मात्र भाकरी चालत नाही. दिवाळीत मी त्याला आतल्या खोलीत घेऊन बसतो. यंदा पोरांनी आपण होऊन फटाके गल्लीबाहेर, मैदानात नेले आहेत.